टक्के बसले नाहीत म्हणून घरी बसू नका

जिल्हा रुग्णालयात बोर्डाच्या दिवशी दुपार कलली की एक वाक्य सारखं कानावर पडतं. "टक्के बसले नाहीत." कुणी फोनवर घरी सांगत असतं, कुणी जिन्यात टेकून शेजारच्याला. "मग आता?" विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: "आता काय, डॉक्टरांनीच लिहून दिलंय." फाईल पिशवीत जाते, पिशवी घरी जाऊन खुंटीला लागते, आणि त्या घरातला दिव्यांग प्रमाणपत्राचा विषय तिथेच संपतो.

ती पिशवी खुंटीवरून काढा, एवढं सांगायला मी हे लिहिते आहे.

मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. मानसिक आजाराच्या आधारगटांत आम्हा घरच्यांना शुभंकर म्हणतात. गेली बरीच वर्षं माझी ओळख तीच आहे. २०२१ च्या डिसेंबरात भावाचा अर्ज बोर्डापुढे गेला आणि टक्के बसले नाहीत. पुढच्या वर्षी अपिलात बसले. आजार तोच होता, भाऊ तोच होता. बदलले होते ते कागद, आणि थोडं आमचं बोलणं. तेव्हापासून ओळखीतलं, गावातलं कुणी ना कुणी फाईल घेऊन येतं. त्या फायली बघून बघून माझं एक मत पक्कं झालं आहे. नाकारलेल्या अर्जांतले पुष्कळ अर्ज आजार कमी असल्यामुळे पडत नाहीत. आजाराचा जो भाग टक्के ठरवतो, तो बोर्डासमोर आलेलाच नसतो म्हणून पडतात.

कायद्याचं थोडं आधी सांगते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा. १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू आहे आणि त्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वाची नोंद आहे. बहुतेक सवलतींची उंबरठ्याची रेषा ४० टक्क्यांची. नोकरीतलं ४ टक्के आरक्षण, एसटीची ७५ टक्के सवलत, तहसीलच्या संजय गांधी शाखेतून मिळणारा, गावाकडे ज्याला 'निराधारचा पगार' म्हणतात तो, सगळं या रेषेच्या पलीकडे. दिव्यांगांसाठी ती निराधारची रक्कम ऑक्टोबर २०२५ पासून महिना २,५०० रुपये झाली. केंद्राच्या इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतनाला तर ८० टक्के लागतात. म्हणजे ३८ आणि ४२ यांतला फरक कागदावर चार आकड्यांचा असला, तरी घरात तो महिन्याच्या औषधांचा असतो. आणि याच कायद्याचं कलम ५९ सांगतं की प्रमाणपत्राबाबतचा निर्णय मान्य नसेल तर अपील करता येतं. डॉक्टरांनी लिहून दिलं म्हणजे विषय संपला, असं कायदाच म्हणत नाही.

आता कामाचं.

सगळ्यात आधी नकाराचं कारण वाचा. तोंडी ऐकलेलं नव्हे, कागदावरचं. अर्ज नाकारला तर कारणं लेखी द्यायची असं नियमांत आहे, ती मागून घ्या. बऱ्याचदा नकारपत्र नसतंच. प्रमाणपत्र मिळतं, पण २५ किंवा ३५ टक्क्यांचं, आणि हातात पांढरं कार्ड पडतं. (४० च्या खाली पांढरं, ४० ते ७९ पिवळं, ८० आणि पुढे निळं.) अशा वेळी बोर्डाने तुमच्या तपासणीत काय मोजलं, कुठल्या बाबीला किती गुण दिले, तो तपासणीचा तक्ता मागा. सरळ मिळाला तर उत्तम, नाही तर माहितीच्या अधिकारात मागा. दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर. माहिती तुमचीच आहे. हा तक्ता हातात आल्याशिवाय नवे कागद गोळा करायला धावू नका, कारण नेमकं काय कमी पडलं हे त्यातूनच कळतं.

आणि नकार तहसीलमधून आला असेल तर आणखी नीट वाचा. संजय गांधी योजनेत दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५० हजार रुपये आहे. अर्ज उत्पन्नावर किंवा रहिवासी पुराव्यावर अडला असेल तर सिव्हिल सर्जनांच्या दारात दहा हेलपाटे घालून काही होणार नाही. तिथे तलाठ्याचा दाखला लागेल, एमआरआय नव्हे. ही गल्लत मी इतक्या वेळा पाहिली आहे की आता कुणी फाईल उघडली की माझा पहिला प्रश्न असतो, "नाही कुणी म्हटलं, दवाखान्याने की तहसीलने?"

आमच्या घरी काय झालं ते सांगते, कारण त्यात जवळजवळ सगळं आहे.

बोर्डाच्या दिवशी आम्ही भावाला पहाटे उठवलं. आईने त्याला अंघोळ घातली, मी दाढी करून दिली, दिवाळीला घेतलेला शर्ट घातला. एवढ्या लोकांत जायचं, नीटनेटका दिसू दे, हीच भावना. आत डॉक्टरांनी विचारलं, "अंघोळ स्वतः करतो का?" मी म्हटलं, "करतो." "जेवतो?" "जेवतो." "घरात काही कामं?" "करतो की, भाजी आणतो." सगळी उत्तरं खरी होती आणि सगळी अपुरी होती. अंघोळ तो करतो, पण चार वेळा सांगितल्यावर, आणि बाथरूमबाहेर कुणी उभं राहिलं तर. भाजी आणतो, म्हणजे समोरच्या गाड्यावरून, चिठ्ठी आणि मोजके पैसे हातात दिल्यावर. गावाच्या बाजारात तो गेल्या कित्येक वर्षांत एकटा गेलेला नाही. आपण मराठी माणसं आपल्या माणसाची लाज झाकायला शिकलेलो असतो. 'करतो' आणि 'करून घ्यावं लागतं' यांत जे अंतर आहे, ते मी त्या दिवशी माझ्या तोंडाने मिटवून टाकलं.

दुसरी चूक कागदांची. मानसिक आजारासाठी 'आयडियाज' नावाची मोजपट्टी वापरतात. तिच्यात चार गोष्टी बघतात: स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, बोलणं-समजणं आणि काम. प्रत्येकीला शून्य ते चार गुण. शिवाय आजार किती वर्षांचा आहे याचे वेगळे गुण: दोन वर्षांच्या आत एक, दोन ते पाच वर्षांना दोन, सहा ते दहा वर्षांना तीन, दहाच्या वर चार. बेरीज सात झाली की माणूस ४० टक्क्यांच्या रेषेवर येतो. भावाचा आजार तेरा वर्षांचा. पण आमच्या फाईलमध्ये होते शेवटच्या दीड वर्षाचे केसपेपर. आधीचे घर बदलताना रद्दीत गेले होते. बोर्डाने जे समोर होतं त्यावरून मुदतीचा एक गुण दिला. चार बाबींचे पाच आणि मुदतीचा एक, बेरीज सहा. एका गुणाने गेलं. त्यात बोर्डाची चूक म्हणायची तरी कोणती? तेरा वर्षं आमच्या डोक्यात होती, फाईलमध्ये नव्हती.

अपिलाच्या वेळी आम्ही ती शोधून काढली. राज्यात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. त्यांतल्या एका ठिकाणी तो आजाराच्या सुरुवातीला सव्वा महिना दाखल होता. तिथल्या अभिलेख विभागात नाव, अंदाजे वर्ष आणि वडिलांचं नाव सांगितल्यावर दोन खेपांनंतर दाखल झाल्याची नोंद सापडली. मधल्या वर्षांत ज्या खाजगी मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचो, त्यांच्याकडे कार्डं जपून ठेवलेली होती. त्यांनी पहिली भेट, शेवटची भेट आणि औषधं असं एक पान लिहून दिलं. गल्लीतल्या मेडिकलवाल्यांनी जुन्या बिलांच्या प्रती काढून दिल्या. मुदतीचे चार गुण झाले. तक्ता हातात होता, म्हणून कामाच्या बाबीतही काय सुटलं ते दिसत होतं. ज्या वर्कशॉपमधून त्याला काढून टाकलं होतं, त्या मालकांनी दोन ओळी लिहून दिल्या: किती दिवस आला, का जमलं नाही. तो कागद वैद्यकीय नव्हता. पण वैद्यकीय कागदाला त्यानेच हातपाय दिले.

म्हणून 'नवा पुरावा' म्हणजे काय, याचं माझं उत्तर साधं आहे. आधी बोर्डाला जे कळलं नव्हतं, ते ज्यातून कळेल तो नवा पुरावा. मग तो कागद कालचा असो की बारा वर्षांपूर्वीचा. आणि बोर्डाला जे आधीच माहीत आहे तेच पुन्हा सांगणारा कागद काल सकाळी काढलेला असला तरी जुनाच. लोक अपिलाला जाताना रक्त-लघवीचे चाळीस रिपोर्ट जोडतात. आजार आहे की नाही हा वादच नसतो. त्या आजाराने माणसाचं काय अडतं आणि किती अडतं, एवढाच प्रश्न असतो.

हातापायाच्या बाबतीत हे फार दिसतं. पाठीचा एमआरआय लोक छातीशी धरून आणतात, त्यात चकती सरकलेली असते, नस दबलेली असते, सगळं खरं असतं. पण टक्के ठरतात ते सांधा किती अंशांत हलतो, स्नायूत जोर किती उरला आहे, हात-पाय एकमेकांशी जुळवून काम करता येतं का, यावर. सांध्याचं मोजमाप गोनिओमीटरने होतं. तुमच्या हाडांच्या डॉक्टरांनी किंवा फिजिओथेरपिस्टनी घेतलेली तीच मापं तारखेसह लिहून आणली, आणि ती बोर्डाच्या मापांशी जुळत नसतील, तर तो खरा मुद्दा झाला. उपचार अर्धवट असताना, प्लास्टर निघून महिना झालेला असताना बोर्डापुढे जाऊ नका. सुधारणा व्हायची शक्यता असली की बोर्ड हात आखडता घेणारच.

डोळ्यांचं एक उदाहरण. आमच्या ओळखीत एक शिलाई करणाऱ्या मावशी आहेत. त्यांना रेटिनायटिस पिग्मेंटोसा. समोरच्या तक्त्यावरची अक्षरं त्या जवळजवळ शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. पण ताटातली आमटीची वाटी त्यांना शोधावी लागते, आणि दिवेलागणीनंतर त्या उंबऱ्याला अडखळतात, कारण त्यांना दिसतं ते नळीतून बघितल्यासारखं. पहिल्या वेळी तक्ता वाचला आणि परत पाठवलं. आता कायद्याच्या अनुसूचीत नजरेच्या तीक्ष्णतेबरोबर नजरेच्या क्षेत्राचाही विचार आहे. दृष्टिक्षेत्र ४० अंशांपेक्षा कमी असेल तर ती अल्पदृष्टी, १० अंशांपेक्षा कमी असेल तर अंधत्व. मावशींच्या फाईलमध्ये पेरिमेट्रीचा, म्हणजे दृष्टिक्षेत्र तपासणीचा, रिपोर्टच नव्हता. काचबिंदू असलेल्यांचीही हीच गत होते. एक तपासणी, एक कागद, आणि सगळं चित्र बदलतं.

उलटंही सांगायला हवं. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा ठणठणीत असेल तर नियमाने ३० टक्केच येतात. तिथे डोळ्याचे कितीही नवे रिपोर्ट आणले तरी रेष ओलांडणार नाही, आणि कुणी "ओलांडून देतो" म्हणत असेल तर त्याच्यापासून लांब राहा. पण त्याच माणसाचा पायही अधू असेल आणि पायाचे २० टक्के धरले जात असतील, तर? दोन दिव्यांगत्वं असली की साधी बेरीज करत नाहीत, एक सूत्र आहे. ९० मधून मोठा आकडा वजा करायचा, जे उरेल त्याला लहान आकड्याने गुणायचं, ९० ने भागायचं आणि येईल ते मोठ्या आकड्यात मिळवायचं. ९० वजा ३० म्हणजे ६०. ६० गुणिले २०, भागिले ९० म्हणजे १३.३३. मिळून ४३.३३ टक्के. तीस आणि वीस पन्नास होत नाहीत, पण चाळीस पार होतात. अनेकांनी अर्जात एकच प्रकार लिहिलेला असतो, कारण "मुख्य त्रास डोळ्याचा आहे" असं त्यांना वाटतं. दुसऱ्या त्रासाची तपासणी झालेलीच नसते. अपिलापूर्वी स्वतःला एकदा डोक्यापासून पायापर्यंत विचारा: कान? बोलणं? हात? मधुमेहाने बधिर झालेली पावलं?

आता डॉक्टरांच्या पत्राकडे. यावर थोडा वेळ घालवते, कारण अपिलातला सगळ्यात कामाचा कागद हाच आणि सगळ्यात हलगर्जीपणे लिहून आणलेलाही हाच. "सदर रुग्णास चालण्यास त्रास होतो, तरी सहकार्य करावे." या ओळीतून बोर्डाला काय कळणार? हेच जर असं असेल: "रुग्ण २०१४ पासून माझ्याकडे उपचार घेत आहे. उजवा गुडघा ३० अंशांपलीकडे वाकत नाही. काठीशिवाय पाच मिनिटांहून जास्त उभं राहता येत नाही. भारतीय पद्धतीच्या संडासात बसता येत नाही. दोन शस्त्रक्रियांनंतरही गेल्या तीन वर्षांत सुधारणा नाही." तर वाचणाऱ्याला माणूस दिसायला लागतो. पत्र लेटरहेडवर हवं, त्यावर तारीख, सही, शिक्का आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक हवा. "६० टक्के दिव्यांगत्व आहे" असं मात्र त्यांच्याकडून लिहून घेऊ नका. टक्के ठरवणं बोर्डाचं काम आहे, आणि बाहेरून आलेला आकडा वाचून कुणाचं मन वळत नाही.

डॉक्टर असं सविस्तर लिहीत नाहीत, अशी तक्रार असते. त्यांच्याकडे वेळ नसतो हे खरं. मग तुम्ही वेळ काढा. जाण्याआधी घरी अर्ध्या पानावर लिहा: उठल्यापासून झोपेपर्यंत कोणकोणत्या गोष्टी स्वतः होतात, कोणत्या आधाराने, कोणत्या होतच नाहीत. किती वर्षांपासून. ते पान डॉक्टरांपुढे ठेवा आणि म्हणा, "यातलं तुम्हाला तपासणीत जे पटतंय तेवढंच लिहा." मी हे बऱ्याच जणांना करायला लावलं. नाराज झालेले डॉक्टर मला तरी आठवत नाहीत. एक तारीख मात्र विसरू नका. बोर्डाची तपासणी मार्चमध्ये झाली असेल आणि नवं पत्र ऑगस्टचं असेल, तर अडचण मार्चमध्येही अशीच होती हे पत्रात स्पष्ट यायला हवं. नाही तर उत्तर मिळतं की त्रास नंतर वाढला असेल.

आणि खरोखर नंतर वाढला असेल तर मार्ग वेगळा. तेव्हा आधीचा निर्णय चुकला म्हणून भांडण्यात अर्थ नाही. प्रकृती बिघडली, नव्याने तपासा, असा पुनर्तपासणीचा अर्ज करायचा. कारखान्यात अपघात झालेल्या कामगारांसाठी १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने हे दोन दरवाजे वेगवेगळे सांगितले होते: आधी महत्त्वाची गोष्ट उघड झाली नव्हती आणि आता नवा पुरावा आला, हा एक. दुखापतीचे परिणाम अनपेक्षितपणे बळावले, हा दुसरा. आपला दरवाजा कोणता हे आधी ठरवा, अर्जाची भाषा त्यावरून ठरते.

जुने कागद कुठून आणायचे? जिथे उपचार झाले तिथून. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत त्याचे कागद द्यायचे असतात, आणि दाखल रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ठेवायच्या असतात. तीन वर्षांपलीकडचे कागद मिळतील याची खात्री नसते, म्हणून आजच मागा. नुसतं डिस्चार्ज कार्ड पुरत नाही, इनडोअर पेपर मागा. नर्सच्या रोजच्या नोंदी त्यात असतात, आणि 'रुग्णाला दोघांनी धरून उठवले' असं वाक्य तिथेच सापडतं. मागणी तोंडी करू नका, दोन ओळींचा अर्ज द्या आणि झेरॉक्सवर पोच घ्या.

अपिलाचा अर्ज लांबलचक नको. निर्णयाचा क्रमांक आणि तारीख, किती टक्के दिले, कोणती बाब मोजली गेली नाही किंवा कमी मोजली गेली, आणि ती कोणत्या कागदावरून दिसते. उदाहरणार्थ: "तपासणी तक्त्यात आजाराचा कालावधी दोन वर्षांपेक्षा कमी धरला आहे. सोबत जोडपत्र १ मध्ये दाखल झाल्याची नोंद आणि जोडपत्र २ मध्ये उपचार करणाऱ्या तज्ज्ञांचं पत्र जोडलं आहे. त्यावरून हा कालावधी तेरा वर्षांचा असल्याचं दिसून येईल. पुन्हा तपासणी व्हावी, ही विनंती." एवढं पुरतं. दुःखाचं वर्णन, सरकारवरचा राग, पुढाऱ्याची चिठ्ठी यांनी अर्ज जाड होतो, भारी होत नाही. सगळ्यात वर जोडपत्रांची तारखेनुसार यादी ठेवा. आत तुमच्या वाट्याला काही मिनिटंच येणार, त्यांतली निम्मी कागद चाळण्यात जाऊ देऊ नका. मूळ कागद कुणाच्याही हाती कायमचे देऊ नका, स्वसाक्षांकित प्रती द्या आणि मूळ दाखवा. लॅमिनेशन करू नका. आवक-जावकमध्ये शिक्का आणि क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलू नका.

अपील कुणाकडे आणि किती दिवसांत करायचं हे कायद्याने राज्य सरकारवर सोपवलं आहे. म्हणून निर्णय हातात पडेल त्याच आठवड्यात जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात लेखी विचारा आणि उत्तरही लेखी घ्या. सगळे कागद जमेपर्यंत थांबू नका. आधी अर्ज द्या, त्यात लिहा की अमुक रिपोर्ट मागवला आहे, आल्यावर सादर करू. रिपोर्टची वाट बघता बघता मुदत गेली, असं होऊ नये. अडलंच तर तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. दिव्यांग व्यक्तीला मोफत कायदेशीर मदत मिळते आणि तिथे उत्पन्नाची अट नाही. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येतं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेला एक निकाल लक्षात ठेवण्यासारखा आहे. मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलेलं एका विद्यार्थ्याचं प्रकरण होतं. बोलण्याच्या दिव्यांगत्वाच्या टक्क्यांवर बोट ठेवून त्याला एमबीबीएसला अपात्र ठरवलं होतं. न्यायालयाने दिल्लीच्या मौलाना आझाद वैद्यकीय महाविद्यालयात त्याची नव्याने तपासणी करायला लावली, ते मत त्याच्या बाजूने आलं, प्रवेश मिळाला. नुसत्या आकड्यावर थांबू नका, हा माणूस प्रत्यक्ष काय करू शकतो ते बघा, असं न्यायालयाने बोर्डांना सांगितलं. त्या मुलाचा प्रश्न आपल्या उलट्या टोकाचा होता, तरी सूत्र एकच आहे: आकड्यामागचं रोजचं जगणं बघा.

एक गोष्ट कळकळीने सांगते. बोर्डाच्या बाहेर एजंट फिरतात. "एवढे द्या, टक्के बसवून देतो." त्यांना पैसे देऊ नका. खोटेपणाने दिव्यांगांचे लाभ घेणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आणि त्याहून मोठं नुकसान आपल्यातल्याच माणसांचं होतं. बोगस प्रमाणपत्रांच्या बातम्या आल्या की खरा अधू माणूस संशयाने बघितला जातो, त्याला पुन्हा पुन्हा तपासणीला बोलावतात. जे आहे तेवढंच सांगा. फुगवून सांगू नका आणि लाजेपोटी झाकूनही सांगू नका.

पुन्हा बोर्डापुढे जाल तेव्हा रोज जसे असता तसे जा. काठी लागत असेल तर काठी घ्या, घरातला माणूस हात धरत असेल तर त्याला सोबत न्या आणि आत येऊ देण्याची विनंती करा. 'करतो' म्हणण्याआधी क्षणभर थांबा आणि कसं करतो ते सांगा. मी घरी एक दोनशेपानी वही घातली आहे. रोज झोपण्याआधी दोन ओळी, जास्त नाही. अपिलाच्या दिवशी डॉक्टरांनी तिची पाच-सहा पानं उलटली, एका ठिकाणी थांबून भावाला काहीतरी विचारलं, आणि पहिल्यांदा त्याने स्वतः उत्तर दिलं.

त्याच्या प्रमाणपत्राची मुदत २०२७ पर्यंत आहे. मग पुन्हा तपासणी. वही चालू आहे. कालच्या तारखेला लिहिलंय: अंघोळ, तीनदा सांगून. औषध, हातावर ठेवल्यावर. संध्याकाळी आईला स्वतःहून पाणी दिलं.